सी विंगपासून तारा किती मीटर?

ऐरोलीत राहणाऱ्या माणसाला विजेच्या टॉवरचं काय कौतुक! राज्यभरातल्या विजेचा तोल क्षणाक्षणाला सांभाळणारं राज्य भार प्रेषण केंद्र इथलंच, ४०० केव्हीचं (एक केव्ही म्हणजे हजार व्होल्ट) कळवा उपकेंद्र हाकेच्या अंतरावर. नवी मुंबईत हायटेन्शनच्या तारांखालच्या पट्ट्यांत नर्सऱ्या आहेत. तिथून आपण जास्वंदीचं रोप घासाघीस करून आणतो आणि वर मान करून बघतही नाही.

पण आमच्या सोसायटीमागच्या नाल्याकडेने एक दिवस तिवईवरची दुर्बीण आणि पट्टी घेऊन दोन माणसं फिरली, चार ठिकाणी लाल रंगाच्या खुणा करून गेली, आणि त्या रात्री ग्रुपवर झोप कुणालाच नव्हती. कळलं ते एवढंच, की २२० केव्हीची डबल सर्किट लाईन, म्हणजे एकाच टॉवरवर तीन-तीन तारांचे दोन संच, प्रस्तावित आहे. कुणीतरी मोबाइलवर चुंबकीय क्षेत्र मोजायचं अॅप उतरवलं, सी विंगच्या गॅलरीत उभं राहून मोजलं आणि फोटो टाकला : ४३ मायक्रोटेस्ला! लाईन अजून कागदावर होती, तरी ४३. यावर एका काकूंनी विचारलं, "म्हणजे आधीच एवढं आहे?"

आहे, आणि ते पृथ्वीचं आहे. होकायंत्राची सुई ज्यामुळे उत्तरेला वळते ते स्थिर क्षेत्र आपल्याकडे साधारण ४० मायक्रोटेस्लाच्या आसपास असतं आणि फोनमधला सेन्सर मुख्यतः तेच दाखवतो. विजेच्या तारेचं क्षेत्र सेकंदाला पन्नास वेळा हेलकावे खातं. ते नीट मोजायला वेगळा मीटर लागतो. तेव्हा पहिलं काम म्हणजे ते अॅप काढून टाका.

दुसरं काम जरा कठीण आहे. 'रेडिएशन' हा शब्द बाजूला ठेवायचा. एक्स-रेच्या अंगात पेशीतले रेणू तोडण्याची ताकद असते. ५० हर्ट्झच्या विजेत ती नाही, तिच्या एका लहरीची लांबीच ६००० किलोमीटर भरते. तारेतून काही सुटून घरात शिरत नाही. तारेभोवती दोन क्षेत्रं तयार होतात, एक विद्युत आणि एक चुंबकीय, आणि तारेपासून लांब गेलं की दोन्ही विरतात. आपला सगळा वाद या दोन क्षेत्रांचा आहे. त्यांची गल्लत झाली की सभेत नुसता आरडाओरडा होतो.

व्होल्ट आणि अँपिअर

पाण्याच्या पाइपाची उपमा जुनी झाली, तरी अजून चालते : व्होल्ट म्हणजे दाब, अँपिअर म्हणजे वाहणारं पाणी. विद्युत क्षेत्र दाबावर, म्हणजे केव्हीवर अवलंबून असतं. ते भिंतीने, झाडाने, गॅलरीच्या ग्रिलनेसुद्धा बरंचसं अडतं. चुंबकीय क्षेत्र अँपिअरवर अवलंबून असतं आणि भिंतीला ते जुमानत नाही. आरोग्याबद्दलची जी काही शंका शास्त्रात शिल्लक आहे, ती या चुंबकीय क्षेत्राबद्दलची आहे.

आता गंमत बघा. १०० मेगावॉट वीज २२० केव्हीने न्यायची तर प्रत्येक तारेतून साधारण २६० अँपिअर वाहतात. तीच वीज आपल्या रस्त्याकडेच्या २२ केव्हीने न्यायची म्हटली तर २६०० लागतील. दाब दहापट वाढवला की प्रवाह दहापट कमी, आणि त्याच जाडीच्या तारेत उष्णता होऊन वाया जाणारी वीज शंभरपट कमी. एवढ्या मोठ्या दाबाने वीज नेतात ती यासाठी. म्हणजे टॉवरच्या पाटीवरचा २२०चा आकडा बघून पोटात गोळा येतो खरा, पण चुंबकीय क्षेत्रापुरता तो आकडा आपल्या बाजूचा आहे. विचारायचा आकडा दुसराच : या लाईनमधून रोज सरासरी किती अँपिअर वाहणार, आणि पुढच्या दहा वर्षांत किती?

आणि मग अंतर. तिन्ही फेजची, म्हणजे एका सर्किटच्या तिन्ही तारांची, क्षेत्रं एकमेकांना बरीचशी खोडतात, म्हणून अंतर दुप्पट झालं की उरलेलं क्षेत्र निम्मं नाही, चौथाई होतं. २६० अँपिअर आणि तारांमध्ये ६ मीटर अंतर धरून एका सर्किटचा ढोबळ हिशोब मी वहीच्या पानावर केला. १५ मीटरवर सुमारे २.४ मायक्रोटेस्ला, ३० मीटरवर ०.६, ६० मीटरवर ०.१५. तारांची मांडणी आणि भार याप्रमाणे हे आकडे बदलतील, पण उतार असाच राहील. इथे अंतर तारेपासून घरापर्यंत मोजायचं, टॉवरच्या पायापासून नाही. तारा बऱ्याच उंचीवर असतात, त्यामुळे तळमजल्यावरचे आजोबा त्यांच्यापासून लांब आणि सातव्या-आठव्या मजल्यावरचे जवळ, असंही होतं. आमच्याकडे सगळ्यात जास्त ओरड तळमजल्याचीच होती.

याच हिशोबातून एक अडचणीचा मुद्दा निघाला, तो मी सभेत मांडला आणि थोडा नावडता झालो. आमच्या बी विंगच्या स्टिल्टमध्ये सोसायटीचा स्वतःचा ट्रान्सफॉर्मर आहे, म्हणजे आपण ज्याला डीपीची खोली म्हणतो ती. १००० केव्हीए क्षमतेच्या ट्रान्सफॉर्मरच्या घरगुती दाबाच्या बाजूला पूर्ण भाराला १३०० अँपिअरच्या वर प्रवाह वाहतो, आणि तो प्रवाह नेणाऱ्या धातूच्या पट्ट्या वरच्या फ्लॅटच्या फरशीपासून जेमतेम दोन-तीन मीटरवर असतात. साठ मीटरवरच्या २२० केव्हीच्या लाईनपेक्षा त्या बेडरूममधलं क्षेत्र जास्त निघण्याची शक्यता दाट आहे. त्याबद्दल पंधरा वर्षांत एकाही सभेत कुणी चकार शब्द काढलेला नाही. टॉवर दिसतो, खोलीचं दार बंद असतं, एवढाच फरक.

मग काही होतं का?

सोसायटीच्या सभेला आलेल्या वीज कंपनीच्या अधिकाऱ्यांनी सांगितलं, "काही होत नाही, आंतरराष्ट्रीय मर्यादा २०० मायक्रोटेस्ला आहे, तुमच्याकडे एकसुद्धा येणार नाही." आमच्या बाजूने उत्तर गेलं, "गुगल करा, कॅन्सर होतो." दोघंही आपापल्या जागी अर्धे बरोबर होते आणि दोघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत होते.

ती २०० मायक्रोटेस्लाची मर्यादा इक्निर्प नावाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने २०१० मध्ये सुचवलेली. त्याआधी, १९९८ च्या सूचनांत, ती १०० होती. ती तात्काळ परिणामांसाठी आहे : फार मोठ्या क्षेत्रात शिरल्यावर मज्जातंतू उत्तेजित होतात, ते होऊ नये म्हणून. अधिकाऱ्यांचं म्हणणं त्यापुरतं चोख. पण लोक विचारत होते ते वर्षानुवर्षं थोड्या क्षेत्रात राहण्याबद्दल, आणि त्या प्रश्नाचा इतिहास वेगळा आहे.

१९७९ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरातल्या एका अभ्यासात असं दिसलं, की कर्करोगाने दगावलेल्या मुलांची घरं जास्त प्रवाह वाहणाऱ्या तारांजवळ असण्याचं प्रमाण अधिक होतं. जास्त दाबाच्या नव्हे, जास्त प्रवाहाच्या! त्यानंतर बरेच अभ्यास झाले. २००० मध्ये त्यातल्या अनेकांची आकडेवारी एकत्र करून पाहिली, तेव्हा दिसलं की घरातलं सरासरी क्षेत्र ०.४ मायक्रोटेस्लाच्या खाली असलेल्या मुलांत धोका वाढलेला नाही. त्या अभ्यासांतली ९९ टक्क्यांहून जास्त मुलं याच गटातली. ०.४च्या वरच्या मूठभर मुलांमध्ये मात्र रक्ताच्या कर्करोगाचं प्रमाण साधारण दुप्पट दिसलं. या आधारावर २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या क्षेत्राला '२ बी' गटात टाकलं, म्हणजे 'कदाचित कर्करोगकारक'. त्याच गटात अख्ख्या पानाचा कोरफडीचा अर्कही आहे. हे मी कोरफडीची बदनामी करायला सांगत नाही. त्या 'कदाचित'चं वजन केवढं ते कळावं, म्हणून सांगतो.

संबंध दिसणं आणि कारण असणं यांत अंतर आहे. एवढं क्षीण क्षेत्र शरीरात नेमकं काय करत असेल याची पटणारी साखळी कुणाला जुळवता आलेली नाही, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सगळा पुरावा तपासून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही असंच म्हटलं. ब्रिटनमधला एक मोठा अभ्यास तर फारच बोलका आहे. २००५ मध्ये त्यात आढळलं, की जन्माच्या वेळी घर लाईनपासून २०० मीटरच्या आत असलेल्या मुलांत ल्युकेमिया जास्त आहे. पण तो जास्तपणा ६०० मीटरपर्यंत पसरलेला होता, जिथे लाईनचं क्षेत्र उरतच नाही! २०१४ मध्ये तोच अभ्यास पुढे नेला, तेव्हा दिसलं की हा फरक जुन्या दशकांतल्या जन्मांत होता आणि पुढे विरत गेला. तारा तर त्याच होत्या. म्हणजे त्या वस्त्यांत राहणाऱ्या माणसांबद्दलचं दुसरंच काहीतरी त्यामागे असावं.

माझं मत विचाराल तर मी या कारणासाठी घर विकणार नाही. पण नवी लाईन टाकताना फारसा खर्च न वाढवता घरांमधलं क्षेत्र कमी करता येत असेल, तर ते मागायला लाजणारही नाही. आणि करता येतं. डबल सर्किट टॉवरवर दोन्ही बाजूंना तीन-तीन तारा असतात. दोन्ही बाजूंचा फेजचा क्रम वरून खाली सारखाच ठेवला तर क्षेत्रं एकमेकांत मिळतात. एका बाजूचा क्रम उलटा केला आणि दोन्ही सर्किटांत वीज एकाच दिशेने, सारख्या भाराने जात असेल, तर ती एकमेकांना खोडतात आणि दूरवरचं क्षेत्र बरंच खाली येतं. तारा तेवढ्याच, टॉवर तोच. फक्त हे आराखड्याच्या वेळी विचारावं लागतं, तारा चढल्यावर नाही.

खरा धोका कुठला

कर्करोगावर तास गेला आणि जीव घेणाऱ्या गोष्टीला सभेत पाच मिनिटंही मिळाली नाहीत. ती गोष्ट म्हणजे तारेजवळ जाणं. एवढ्या दाबाला हात लावावा लागत नाही. पुरेसं जवळ गेलं की ठिणगी हवेतून उडी मारते. गच्चीवर पाण्याच्या टाकीचा लोखंडी पाइप उभा करताना, संक्रांतीला ओल्या किंवा धातूचा भुगा लावलेल्या मांजाने, मिरवणुकीत उंच मूर्तीने किंवा ट्रकवरच्या लोखंडी सांगाड्याने असे अपघात होतात.

म्हणून नियमात मीटर ठरलेले आहेत. ३३ केव्हीपर्यंत इमारतीच्या सर्वांत उंच भागापासून तारेचं उभं अंतर ३.७ मीटर आणि आडवं अंतर २ मीटर (११ केव्हीपर्यंत आडवं १.२ चालतं). त्यावर दर ३३ केव्ही किंवा त्याच्या भागाला ०.३ मीटर वाढवायचे. या हिशोबाने २२० केव्हीला उभं ५.५ आणि आडवं ३.८ मीटर, ४०० केव्हीला ७.३ आणि ५.६. ही अंतरं तार शांत लटकताना मोजायची नाहीत. मे महिन्यात तार तापून सर्वांत जास्त झोळते तेव्हा उभं, आणि वादळी वाऱ्यात तार झुलून इमारतीकडे येते तेव्हा आडवं. आपल्याकडच्या इमारतींच्या नियमावलीतही हीच अंतरं आहेत.

पण ३.८ मीटर म्हणजे लाईन तितक्या जवळून नेतात असं नव्हे. लाईनसाठी एक पट्टा मोकळा धरतात, २२० केव्हीला साधारण ३५ मीटर रुंद, म्हणजे मध्यरेषेपासून दोन्हीकडे साडेसतरा. ४०० केव्हीला हा पट्टा साधारण ४६ मीटरचा. पुनर्विकासाचा विचार करणाऱ्या सोसायट्यांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा. आज चार मजली असलेली इमारत उद्या तीस मजली होणार असेल, तर प्लॉटचा कोपरा या पट्ट्यात गेल्याचा परिणाम नव्या इमारतीच्या आखणीवर होतो, आणि बांधकामाच्या क्रेनचा हात कुठवर फिरेल यावरही.

समोरची लाईन किती केव्हीची हे ओळखायची एक युक्ती आहे : तार ज्या चकत्यांच्या माळेवर लटकते त्या चकत्या मोजा. १३२ केव्हीला साधारण नऊ, २२०ला तेरा-चौदा, ४००ला तेवीसच्या आसपास. ४००ला शिवाय प्रत्येक फेजच्या दोन किंवा जास्त तारा जोडीने जातात. नव्या लाईनवर रबरी दिसणारा सलग इन्शुलेटर असेल तर मात्र ही युक्ती फसते. पावसाळ्यात लाईनमधून येणारी चरचर घाबरवते, पण ती तारेलगतच्या हवेतल्या बारीक ठिणग्यांची असते. लाईनजवळच्या पत्र्याच्या शेडला हात लावल्यावर मुंग्या आल्या, तर ते विद्युत क्षेत्राचं काम. शेडला अर्थिंग करून घ्या.

जमिनीखालून का नाही?

सभेतली सर्वांत लोकप्रिय मागणी हीच. नेता येते. कुडूसहून मुंबईतल्या आरेपर्यंत जाणाऱ्या १००० मेगावॉटच्या एचव्हीडीसी (मोठ्या दाबाचा, एकाच दिशेने वाहणारा डीसी प्रवाह) प्रकल्पातही मोठा भाग जमिनीखालच्या केबलचा आहे. केबलवर धातूचं आवरण असतं, त्यामुळे बाहेर विद्युत क्षेत्र उरत नाही, आणि पतंगाचा प्रश्नच मिटतो. पण खर्च कित्येक पटींनी वाढतो, बिघाड शोधून जोड मारायला वेळ लागतो, आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही : केबल दीड मीटरवर पुरलेली असल्याने तिच्या बरोब्बर वर चुंबकीय क्षेत्र ओव्हरहेड लाईनखालच्यापेक्षा जास्तही असू शकतं. तीन फेज जवळजवळ असल्याने बाजूला सरकलं की ते भराभर उतरतं. तेव्हा केबल मागताना ती मुलांच्या खेळायच्या जागेखालून जाणार की रस्त्याच्या मधून, हेही विचारायचं.

'आम्हाला लाईनच नको' असं म्हणणाऱ्यांना मी फक्त १२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ आठवायला सांगतो. कळवा उपकेंद्राकडे येणाऱ्या ४०० केव्हीच्या वाहिन्या बंद पडत गेल्या आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम अंधारात. लोकल जागच्या जागी थांबल्या. कोविडचे दिवस, हॉस्पिटलं जनरेटरवर. शहरात येणारे विजेचे रस्ते थोडे असले की असं होतं. लाईन लागणार आहेच. ती कुठून आणि कशी, हा भांडणाचा विषय.

कागद

'आमच्या परवानगीशिवाय कसे टाकतात?' टाकू शकतात. वीज कायदा २००३ च्या कलम १६४ खाली पारेषण कंपनीला १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यातले अधिकार देता येतात. ते मिळाले की जमीनमालकाची पूर्वसंमती लागत नाही, आणि कुणी आडवं आलं तर जिल्हाधिकारी आदेश देऊ शकतात. मात्र त्याच जुन्या कायद्यात नुकसान होता होईल तेवढं कमी करायचं आणि झालेल्या नुकसानीची भरपाई द्यायची हेही लिहिलेलं आहे. रक्कम पटली नाही तर जिल्हा न्यायाधीशांकडे जाता येतं.

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या जून २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत टॉवरच्या पायाखालच्या जागेसाठी जमिनीच्या किमतीच्या २०० टक्के आणि तारांखालच्या पट्ट्यासाठी ३० टक्के मोबदला सुचवला होता. राज्यातल्या लाईनला राज्याचा शासन निर्णय बघायचा. नवी मुंबईत आणखी एक गाठ आहे : जमीन सिडकोची, आपण लीजवर. पट्ट्यात सोसायटीचा कोपरा गेला तर मोबदला कुणाच्या खात्यात, हे आधी लेखी विचारून घ्यावं. आणि पट्ट्याच्या बाहेर, पण खिडकीतून टॉवर दिसणाऱ्या फ्लॅटला काहीच नाही. उद्या गिऱ्हाईक त्याच खिडकीकडे बघून भाव पाडणार, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ही मला या सगळ्या व्यवस्थेतली सर्वांत मोठी अन्यायाची जागा वाटते, आणि तिच्यावर कायद्यात औषध नाही.

खाडीच्या बाजूने लाईन वळवा, असं सुचवणाऱ्यांनी कांदळवन ध्यानात घ्यावं. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालामुळे सार्वजनिक हिताच्या प्रकल्पालासुद्धा कांदळवन तोडायला न्यायालयाची परवानगी काढावी लागते.

आमच्या सभेत शेवटी दोन पानी पत्र ठरलं. पहिल्या मसुद्यात 'जीवघेणे किरण' असा शब्द होता, तो मी भांडून काढला. त्या शब्दाला 'मर्यादेत आहे' असं एका ओळीचं उत्तर मिळतं आणि फाइल बंद होते. त्याऐवजी विचारलं : मध्यरेषा प्रत्येक विंगपासून किती मीटर, तार झुलल्यावर किती उरतात, सरासरी आणि कमाल अँपिअर किती, दोन सर्किटांत फेजचा क्रम उलटा ठेवणार का, आणि वीज चालू करण्यापूर्वीच्या विद्युत निरीक्षकांच्या तपासणीची प्रत मिळेल का. तीच पाच कलमं माहितीच्या अधिकारात वेगळी टाकली.

सात आठवड्यांनी उत्तर आलं, सोबत नकाशा. सी विंगपासून मध्यरेषा ४१ मीटर. माझ्या वहीतल्या हिशोबाने ते साधारण ०.३ मायक्रोटेस्लावर येतं, म्हणजे नेमकं त्या 'कदाचित'च्या उंबऱ्याशी. फेजच्या क्रमाबद्दल लिहिलं होतं, 'सूचना संकल्पन विभागाकडे पाठवण्यात आली आहे.' त्या विभागाचा पत्ता मागवलाय. बी विंगच्या डीपीवरच्या बेडरूममध्ये मोजायला मीटर भाड्याने मिळतो का, तेही बघतोय. काकूंनी त्यासाठी चावी देऊन ठेवली आहे.